मदत हवी आहे: केर्लीजवळच्या आरसी विमानांच्या मैदानासाठी नियम ठरवायचे आहेत

पाणंद_करवीर

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर-पन्हाळा रोडला केर्लीच्या पुढं एक पड रान आम्हा आठजणांना आरसी (रिमोटनं चालणारी) विमानं उडवायला मिळालंय. उसाच्या आडसाली लागणीपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, वापरा असं मालकांनी सांगितलंय. पहिल्या रविवारच्या आत नियम ठरवून फलक लावायचा आहे. नेमकी माहिती देतो, म्हणजे उत्तरंही नेमकी मिळतील.

रान पूर्व-पश्चिम १३० मीटर, दक्षिणोत्तर ६० मीटर. दक्षिणेला लागून पाणंद, तिच्यावर दिवसभर ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या आणि शाळेची पोरं. उत्तरेला आणि पश्चिमेला उभा ऊस. पूर्वेच्या बांधापासून २० मीटरवर ११ केव्हीची विजेची लाइन. वारा बहुतेक पश्चिमेचा.

विमानं: सनबोर्डची (हलक्या फोम-बोर्डाची) चार ट्रेनर, म्हणजे शिकायची विमानं (पंख १.२ मीटर, वजन किलोभर, २२१२ मोटर, १० × ४.५ इंची प्रॉप म्हणजे पंखा, तीन सेलची म्हणजे ३एस २२०० एमएएच बॅटरी), फोमची दोन, गॉगल लावून (त्यात कॅमेऱ्याचं चित्र बघत) उडवायची एक बिनशेपटीची फ्लाइंग विंग, आणि ग्लो इंजिनचं (इंधनावर चालणारं) २.६ किलोचं बाल्सा लाकडाचं एक विमान. तिघंजण अगदी नवशिके.

अडलंय ते इथं:
१) उभं कुठल्या बाजूला राहायचं? पाणंदीकडं पाठ केली तर गाड्या आणि बघे मागं येतात, उसाकडं पाठ केली तर विमान पाणंदीवर जातं.
२) एका वेळी किती विमानं हवेत ठेवायची?
३) शेजाऱ्याच्या उसात पडलं तर?
४) उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, विमानतळामुळं काही अडचण येईल का?

उभा_वारा

पाणंदीकडंच पाठ करा, यात दुसरा विचार नको. विमान उसात पडलं तर नुकसान पैशाचं होतं. पाणंदीवर पडलं तर काय होईल ते गणितानं बघा: किलोभराचं विमान ताशी ७२ किलोमीटरनं खाली आलं, तर दहा किलोचं पोतं दोन मीटरवरून डोक्यात पडण्याएवढा तो आघात असतो. शिवाय दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडं बघितलं की हिवाळ्यात ऊन पाठीवर राहतं. सूर्याच्या तेजात विमान एकदा शिरलं की दोन-तीन सेकंद ते कुठल्या बाजूला कललंय हेच कळत नाही, आणि तेवढ्यात ते जमिनीवर येतं.

६० मीटरची वाटणी अशी करा. पाणंदीच्या बांधापासून १० मीटर गाड्या आणि बघे. पुढचे १० मीटर जोडणीची जागा. २० मीटरवर मेखा ठोकून कमरेएवढ्या उंचीची दोरी बांधा आणि तिला दर दोन मीटरवर लाल कापडाच्या पट्ट्या लावा, नाहीतर पोरं पळत येऊन तिच्यातच अडकतात. उडवणाऱ्यांनी २४ मीटरवर, एका ओळीत, दोन-दोन मीटर अंतरानं उभं राहायचं. धावपट्टीची मधली रेघ ४० मीटरवर, पट्टीची रुंदी १० मीटर. फक्कीनं आखा, महिनाभर पुरते.

उडवणाऱ्यांच्या ओळीच्या दक्षिणेला विमान कधीच आलं नाही पाहिजे, चाचणीतही नाही आणि उतरतानाही नाही. ओळीकडं येणारं वळण चुकलं असं वाटलं तर थ्रॉटल (मोटरचा जोर) शून्य करून विमान उसात टाका. नवशिक्या माणसाचा हात अशा वेळी अडखळतो, कारण हाताखालून गेलेलं महिन्याचं काम समोर दिसत असतं. म्हणून ‘विमान सोडायचं’ हे पहिल्याच दिवशी तोंडानं सांगा आणि फलकावरही लिहा.

मला खरी काळजी त्या ११ केव्हीच्या तारांची आहे. वारा पश्चिमेचा, म्हणजे उतरताना विमान पूर्वेकडून येणार. लांबून सरळ येऊ दिलं तर ते बरोबर तारांवरून येईल. तेव्हा उतरायचं वळण तारांच्या अलीकडंच घ्यायचं: उत्तरेच्या उसावरून दक्षिणेकडं यायचं, पूर्वेच्या बांधाच्या किमान १० मीटर आतून. किलोभराच्या ट्रेनरला ३० अंश कलून वळायला २५ मीटरची त्रिज्या पुरते. पूर्वेच्या बांधापासून ६० मीटरवर दोन निशाणं लावा आणि त्यांच्या पुढंच टेकवा. तिथून ७० मीटर उरतात, ट्रेनरला ते भरपूर आहेत. ग्लोच्या विमानाला मात्र हे रान अपुरं आहे, ते इथं उडवू नका.

तारेत अडकलंच तर काठी, बांबू, दोरी काही लावायचं नाही. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवायचं आणि खाली कुणाला फिरकू द्यायचं नाही.

डेडस्टिक

आखणी पटली. संख्येचं सांगतो: तिघे शिकाऊ आहेत तोवर हवेत दोनच विमानं, आणि शिकाऊ उडवत असेल तर त्याच्या शेजारी एक जाणता फक्त बघायला उभा. सगळ्यांचा हात बसला की तीन. याहून जास्त या रुंदीत बसत नाहीत, कारण सगळ्यांना एकाच बाजूच्या आकाशात फिरायचंय. सगळी विमानं एकाच दिशेनं फिरली पाहिजेत, उलट्या फेरीचा हट्ट कुणी धरायचा नाही.

आरोळ्या ठरवून घ्या, आणि त्या खरंच मोठ्यानं द्या:

‘उडतोय’ – पट्टीवर जाण्याआधी. उत्तराची वाट बघायची.
‘उतरतोय’ – वळण घेण्याआधी, घेतल्यावर नाही.
‘इंजिन बंद’ किंवा ‘डेडस्टिक’ – हे ऐकलं की बाकीच्यांनी पट्टीपासून लांब व्हायचं. त्याला दुसरी संधी नसते, म्हणून पहिला हक्क त्याचा.
‘माणूस पट्टीवर’ – विमान आणायला जाताना. परत आल्यावर ‘पट्टी मोकळी’. ही दुसरी आरोळी लोक हमखास विसरतात आणि बाकीचे बॅटरी संपत आली तरी घिरट्या घालत बसतात.

खरं विमान किंवा हेलिकॉप्टर दिसलं किंवा नुसता आवाज आला, तरी सगळ्यांनी खाली यायचं. ते किती उंचावर आहे याचा अंदाज बांधत बसू नका.

उडवणाऱ्याशी बोलायचं नाही, खांद्यावर हात ठेवायचा नाही, मोबाइल समोर धरून व्हिडिओ काढायचा नाही. दुसऱ्याचं विमान विचारल्याशिवाय उचलायचं नाही. पडलेल्या विमानावर जागेवरच सल्ले द्यायचे नाहीत, आधी शोधायला मदत करा, कारणं नंतर बघता येतात.

पाणंद_करवीर

दोघांचेही आभार. ग्लोचं विमान बाजूला ठेवतो. फ्लाइंग विंगचं काय करावं? आणि उडवण्याआधीची तपासणी किमान किती हवी? नवशिकी पोरं दहा पानांची यादी वाचत नाहीत.

सरी_वरंबा

गॉगल लावणाऱ्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी विमान बघणारा एकजण हवाच, आणि विमान त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायला हवं. तो शेजारून वारा, घारी, दुसरी विमानं सांगत राहतो. रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर, व्हिडिओ ५.८ वर, त्यामुळं बाकीच्यांना त्रास नाही. पण गॉगलवाला दुसरा कुणी आला, तर त्यानं चॅनल विचारल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. नुसती जोडली तरी हवेतल्याचं चित्र जातं.

तपासणी चार गोष्टींची ठेवा, पण एकही सोडू नका.

पहिली, फेलसेफ, म्हणजे रिमोटशी संपर्क तुटला की मोटर आपोआप बंद होणं. प्रॉप काढून, मोटर निम्म्या थ्रॉटलवर फिरवून रिमोट बंद करा. मोटर सेकंदभरात थांबली पाहिजे. नवशिक्यांकडं बहुतेक फ्लायस्काय एफएस-आय६ हा रिमोट असतो. त्याच्या मेनूत सिस्टिममध्ये आरएक्स सेटअप, मग फेलसेफ, मग चॅनल ३ चालू करायचा, थ्रॉटलची काडी एकदम खाली धरायची आणि कॅन्सलचं बटण दाबून ठेवून सेव्ह करायचं. उणे १०० टक्के दिसलं की झालं. नुसतं कॅन्सल टिचकवलं तर सेव्ह होत नाही, घोटाळा तिथंच होतो.

दुसरी, दिशा. रिमोटची काडी उजवीकडं केली की उजव्या पंखाचा एलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) वर गेला पाहिजे. काडी स्वतःकडं ओढली की एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) वर. विमानाच्या मागं उभं राहून बघा, समोरून बघितलं की डावं-उजवं फिरतं. सर्व्होचं (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचं) हॉर्न म्हणजे दांडी बदलली किंवा रिमोटमधल्या मिक्सिंगच्या सेटिंगला हात लावला, की ही तपासणी पुन्हा.

तिसरी, तोल. ट्रेनरचा तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून २८ ते ३० टक्क्यांवर. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर पुढच्या कडेपासून साडेपाच ते सहा सेंटिमीटरवर खाली दोन्ही बाजूंना टेपचे ठिपके लावा आणि बॅटरी बसवून बोटांवर उचला. नाक किंचित खाली झुकलं तर चालतं. शेपूट झुकली तर उडवायचं नाही. सनबोर्डच्या विमानांची शेपूट जड होते, कारण मागं गोंद आणि टेप सढळ हातानं लावलेली असते.

चौथी, टप्पा. रिमोट रेंज-चेकवर (कमी ताकदीच्या चाचणीवर) टाकून ३० पावलं लांब जा, सोबत्याला विमान धरायला सांगा आणि सगळे सर्व्हो हलवा. एकदा मोटर बंद ठेवून, एकदा चालू ठेवून.

प्रॉपबद्दल. १० इंची प्रॉप मिनिटाला ७,५०० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३५० किलोमीटरच्या वर जातो. बॅटरी जोडली की मोटर चालूच आहे असं धरून वागायचं. थ्रॉटल-कटचा (मोटर बंद ठेवायचा) खटका एकाच जागी ठेवा, सगळ्यांच्या रिमोटवर तोच. बॅटरी दोरीच्या पुढं गेल्यावरच जोडायची, आणि जोडताना विमानाच्या मागं बसायचं. प्रॉपच्या पात्यांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण पातं तुटलं की ते बाजूला उडतं.

पाचट

उसाचं मी सांगते.

विमान पडताना उडवणाऱ्यानं जागचं हलायचं नाही. ज्या रेषेत ते गेलं त्या रेषेत लांबचं झाड, खांब असं काही हेरून ठेवायचं. दुसऱ्या एकानं २०-३० मीटर बाजूला उभं राहून तेच करायचं. दोन्ही रेषा जिथं छेदतात तिथं विमान. एकाच रेषेवर गेलात तर पन्नास मीटर पुढं-मागं शोधत बसाल, कारण उभ्या उसात अंतराचा अंदाज येत नाही.

आत जायचं ते बांधावरून ती सरी मोजून, सरीतनंच. वरंबा ओलांडत आडवं घुसलं की ऊस मोडतो, आणि शेतकऱ्याचा राग त्याच्यावरच असतो. नवी लागण असेल तर कोंबांवर पाय पडू देऊ नका. आधी मालकांना सांगा, सापडल्यावरही सांगा, आणि मोडलेल्या उसाचे पैसे मागायची वेळ त्यांच्यावर आणू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाला हात कापतो. बूट घाला, हातात काठी ठेवा, पाऊल टाकण्याआधी पाचट हलवा. उसात घोणस असते.

रिमोट बंद करायचा नाही. एकानं बांधावर थांबून रडरची (शेपटीच्या उभ्या पट्टीची) काडी हलवत राहायचं, सर्व्होचा कर्र आवाज जवळ गेल्यावर नीट ऐकू येतो. थ्रॉटलला हात नाही, खटका बंद. रिसीव्हरला एक छोटा बझर जोडला तर काम आणखी सोपं.

आता आगीचं, आणि हे फलकावर मोठ्या अक्षरात हवं. आदळलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आतून दबलेली असते, ती लगेच पेटेल असं नाही, काही मिनिटांनीही पेटते. वाळलेल्या पाचटात हे झालं तर फड जाईल. म्हणून विमानाच्या आधी बॅटरी: तार सोडवा, बॅटरी बाहेर आणा, मोकळ्या मातीवर ठेवा आणि निदान अर्धा तास नजरेखाली राहू द्या. गाडीच्या डिकीत किंवा सॅकमध्ये नाही. फुगली, कोपरा चेपला किंवा गोडसर वास आला तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. जोडणीच्या जागी वाळूच्या दोन बादल्या ठेवा आणि बांधावर पाण्याची दोन कॅनं. पाणी पाचटासाठी.

बॅटरी ३एस असेल तर भरल्यावर १२.६ व्होल्ट. उतरल्यावर सेलमागं ३.७ दिसावेत, त्यासाठी टायमर ६ मिनिटांचा लावून सुरुवात करा आणि उरलेले व्होल्ट बघून वाढवा. २२०० ची बॅटरी २.२ अँपियरनं चार्ज करायची, घाई असली तरी. आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागं ३.८ वर ठेवा.

दोन गोष्टी आणखी. शेजारच्या रानात भांगलण चालू असेल किंवा तोडणीची टोळी आली असेल, तर त्या बाजूच्या आकाशात जायचं नाही, आणि टोळी उत्तरेच्या फडात असेल तर त्या दिवशी उडवायचंच नाही. बैलगाडी पाणंदीवर आली की ती पुढं जाईपर्यंत मोटर बंद. बैल बुजले तर गाडीवानाच्या हातात काही राहत नाही.

नकाशा_बघा

चौथ्या प्रश्नाचं उत्तर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंत, आणि त्याच्या बाहेर १२० मीटरपर्यंत हिरवा टापू, म्हणजे उडवायला आधी परवानगी लागत नाही असा. केर्ली उजळाईवाडीपासून १२ किलोमीटरच्या बाहेर पडतं, तरी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं नेमकं रान शोधून बघा. शेंडा पार्क आणि विद्यापीठाचा परिसर ८ किलोमीटरच्या आत आहे, तिकडं चाचणीलाही जाऊ नका.

२५ किलोपर्यंतचं, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल असेल तर टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या बनावटीचं प्रमाणपत्र) लागत नाही. रिमोट पायलट सर्टिफिकेटची (उडवणाऱ्याच्या प्रमाणपत्राची) सूट मात्र २ किलोपर्यंतच्या बिगरव्यावसायिक वापरालाच आहे, म्हणजे तुमचं २.६ किलोचं विमान त्यातही बसत नाही. २५० ग्रॅमच्या वर तिसऱ्या पक्षाचा विमाही लागतो, आठजणांनी मिळून विचारा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत जपून. पोलिस अधीक्षक दर्जाचे अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल (उडवायला बंदीचा) टापू जाहीर करू शकतात. त्या आठवड्यात उडवण्याआधी नकाशा आणि पोलिस ठाणं दोन्हीकडं चौकशी करा.

१२० मीटर नजरेनं ओळखायची खूण: तेवढ्या अंतरावर १.२ मीटरचा पंख पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसतो. त्याहून लहान दिसायला लागला की खाली या.

पाणंद_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या टेप घेऊन आखणी करतो. एकच शंका उरली: पाणंदीवरची पोरं दोरीजवळ येणारच, त्यांना हाकलून द्यायचं का?

डेडस्टिक

हाकलू नका, दुसऱ्या रस्त्यानं येतील, आणि तो रस्ता पट्टीवरून असेल. दोरीच्या अलीकडं एक घोंगडं अंथरा, आठजणांपैकी एकाला आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसवा. बॅटरी आणि प्रॉप काढलेलं एक विमान त्यांच्या हातात द्या. विमान पट्टीबाहेर पडलं तर आणायला कुणीही धावायचं नाही, हे त्यांना आधीच सांगा, कारण पडलेल्या विमानाकडं सगळ्यात आधी तीच पळतात आणि मोटर तेव्हा चालू असू शकते.