मदत हवी आहे: चाकणच्या कार कारखान्यात आठवड्याला किती गाड्या बनतात, हे बाहेरून कसं काढायचं?

मंडळी, भोसरीत आमचं प्रेस पार्ट्सचं छोटं वर्कशॉप आहे. आमचे ब्रॅकेट एका मोठ्या व्हेंडरमार्फत चाकणच्या कारखान्यात जातात. शेड्यूल महिन्याचं येतं आणि मधेच बदलतं, त्यामुळे पत्रा किती भरून ठेवायचा तेच कळत नाही. एका मॉडेलचा आठवड्याचा अंदाज मिळाला तरी पुरे.

सियामचे (वाहन उत्पादकांच्या संघटनेचे) महिन्याचे आकडे पाहिले, पण बातम्यांत येतात ते डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरची नोंदणी तर विक्रीनंतरची. दसऱ्याला ती फुगते, कारखान्याचा वेग मात्र तेवढा वाढलेला नसतो.

मग एका डीलरच्या यार्डात परवानगी घेऊन चॅसी नंबर टिपले. 17 अक्षरांतले शेवटचे अंक अनुक्रमांकाचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांची संख्या त्यांच्या अनुक्रमांकांवरून काढायला वापरलेली पद्धत लावली: सर्वांत मोठा क्रमांक, अधिक तोच भागिले नमुन्यांची संख्या, वजा 1. यातून एकूण गाड्या निघतात, वेग नाही. शिवाय एकाच ट्रेलरवरून उतरलेल्या गाड्यांचे नंबर जवळजवळचे असतात, म्हणजे नमुनाच एकांगी.

कारखान्यातली आतली माहिती कुणाकडूनही नको. दहा टक्के इकडेतिकडे चालेल.

चॅसी नंबरातून उत्पादनाचा महिना कळत असेल, तर दोन महिन्यांच्या क्रमांकांतला फरक मधल्या कामाच्या आठवड्यांनी भागणं बरोबर ठरेल का? आणि एकाच लाइनवरच्या दोन मॉडेल्सचे क्रमांक सामाईक चालतात की वेगळे, हे नुसत्या नंबरांवरून कसं ओळखायचं?