शब्दचर्चा : बारबाला, कलाकार की कामगार?

मूळ प्रश्न

नाशिकला आमच्या विधी महाविद्यालयात पुढच्या महिन्यात मराठीतून वादविवाद ठेवला आहे. विषय इंग्रजीत ठरला आणि मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. ॲडल्ट एंटरटेनमेंटच्या धंद्यावर सरकारनं किती नियम घालावेत आणि तिथं काम करणाऱ्यांना संरक्षण कसं मिळावं, असा तो विषय. विद्यार्थ्यांनी तीन पर्याय दिले : 'प्रौढ मनोरंजन उद्योग', 'अश्लील करमणूक व्यवसाय' आणि 'बारबालांचा प्रश्न'. एकही मन घेत नाही. 'प्रौढ' म्हटलं की आपल्याला प्रौढ शिक्षण, प्रौढ मताधिकार आठवतो, हा अर्थ त्यातून निघतच नाही. 'अश्लील' लिहिलं तर वादविवादाआधीच निकाल लागतो. 'बारबाला' खटकतो, पण का खटकतो ते विद्यार्थ्यांना धड सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद (न्यायालयात भाषांतराचं काम केलेले एक निवृत्त सदस्य)

सर, 'अश्लील' टाळताय ते योग्यच. व्युत्पत्तीने ज्यात श्री नाही, शोभा नाही, ते अश्लील. म्हणजे मूळचा शब्द अभिरुचीचा. काव्यशास्त्रात तो काव्यदोष म्हणून येतो. कायद्यात आला आणि त्याला शिक्षा चिकटली. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९६.

आपल्या राज्याचा २०१६चा डान्स बारचा कायदा बघा. त्याच्या लांबलचक नावात दोन गोष्टी शेजारी बसवल्या आहेत : अश्लील नृत्याला प्रतिबंध आणि तिथं काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण. 'काम करणाऱ्या महिला' हे शब्द खुद्द कायद्याच्या नावात आहेत. वर्तमानपत्रांनी मात्र ते उचलले नाहीत. आणखी एक. त्या कायद्यात अश्लील ठरतं ते नृत्य, आणि तेही व्याख्येत बसलं तरच. ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये कायम ठेवली. तेव्हा सगळ्या व्यवसायाला हे विशेषण लावणं कायद्याच्याही पुढे जाणं होईल.

प्रतिसाद (महिला समुपदेशन केंद्रातल्या एक ताई)

'बारबाला' का खटकतो ते सांगते. बाला म्हणजे कोवळी मुलगी. जिच्या पगारावर गावाकडचे आईवडील आणि दोन पोरांची शाळा चालते, तिला बाला म्हणायचं, म्हणजे तिचं वयही काढून घ्यायचं आणि कामही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालात डान्स बारवरच्या बंदीमुळे ७५,०००हून अधिक महिला बेरोजगार झाल्याची नोंद आहे. 'पंचाहत्तर हजार बारबाला' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दिव्यांचा झगमगाट येतो. 'पंचाहत्तर हजार कामगार' म्हणून बघा, लगेच मनात येतं की मग त्यांना नुकसानभरपाई काय मिळाली?

त्याहून वाईट म्हणजे 'छमछम'. 'राज्यात पुन्हा छमछम' हा मथळा तुम्ही सगळ्यांनी वाचला असेल. निकाल रोजगाराच्या हक्काचा, राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ)चा, आणि मथळ्यात राहिले फक्त घुंगरू. मला याचा अजूनही राग येतो.

दुसरं टोक 'पीडित' हे. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली छापा पडला की बातमीत 'पीडित महिलांची सुटका' असं येतं. खरोखर फसवून आणलेली, डांबून ठेवलेली मुलगी असते तेव्हा तोच शब्द बरोबर आहे, दुसरा वापरूच नये. पण सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध संरक्षणगृहात ठेवलं तर ती 'सुटका' कशी? १९५६च्या या कायद्यात 'संरक्षण' म्हणजे कधी कधी कुलूप असतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये राज्यांना अशा गृहांची पाहणी करायला सांगितलं. इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान महिलांची प्रकरणं ठरावीक मुदतीत मार्गी लावावीत, असं सांगितलं. तेव्हा विषयात 'संरक्षण' लिहाल तर कशापासून आणि कुणापासून, हे विद्यार्थ्यांना बोलायला लावा.

आणि कृपा करून बारमधलं नाचगाणं आणि देहविक्रय एका पोत्यात भरू नका. कुठे ते एकमेकांत मिसळतात हे मला माहीत आहे. पण नाव एकच दिलं की बारमध्ये नाचणारी बाई पोलीस ठाण्यात साध्या मारहाणीची तक्रार द्यायला गेली तरी तिच्याकडे संशयानेच बघतात. देहविक्रयाच्या बाबतीत तर न्यायालयालाही शब्द बदलावा लागला आहे. स्त्रियांबद्दलचे साचेबंद शब्द टाळण्यासाठी काढलेल्या ऑगस्ट २०२३च्या पुस्तिकेत सर्वोच्च न्यायालयाने 'सेक्स वर्कर' म्हणा असं सुचवलं. मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्यांनी हरकत घेतली, की यात जबरदस्ती झाकली जाते. त्यानंतर तस्करीची बळी ठरलेली, जबरदस्ती झालेली किंवा हा व्यवसाय करणारी स्त्री असे वेगवेगळे शब्दप्रयोग आले. मला हा बदल पटतो. एका शब्दात तिन्ही बायका मावत नाहीत.

प्रतिसाद (जिल्हा न्यायालयातले एक वकील)

ताईंशी सहमत. मी सरकार काय करतं ते सांगणाऱ्या शब्दांकडे वळतो, कारण वाद तिथंच आहे. प्रतिबंध, नियंत्रण, नियमन हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. २००५मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात ३३अ आणि ३३ब ही कलमं घातली, तो सरळ प्रतिबंध होता. त्यात तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना सूट होती. तेच नृत्य महाग हॉटेलात चालतं आणि साध्या परमिट रूममध्ये अनैतिक ठरतं, हे उच्च न्यायालयाने २००६मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये मान्य केलं नाही. २०१४मध्ये सूट काढून पुन्हा बंदी आली, तिला २०१५मध्ये स्थगिती मिळाली. मग २०१६चा कायदा. नाव नियमनाचं, पण १७ जानेवारी २०१९च्या निकालात न्यायालयाने नोंदवलं की २००५नंतर एकही परवाना दिला गेलेला नाही. अशा अटी घालायच्या की परवाना मिळूच नये, तर तो प्रतिबंधच झाला.

त्या निकालात काय पडलं आणि काय टिकलं ते विद्यार्थ्यांनी नीट बघावं. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर अंतर, नाच चालतो तिथं मद्याला मनाई, नाचाच्या जागी सीसीटीव्ही, हे गेलं. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ राहिली. मासिक पगाराची सक्ती गेली, पण लेखी करार आणि पैसे बँक खात्यात, हे राहिलं. माझ्या मते सगळ्या निकालातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच, आणि त्याची बातमी सर्वांत कमी झाली.

का मोलाचं, ते तमाशाच्या भाषेत सांगतो. चैत्रातल्या यात्रांआधी नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी येऊन सुपारी ठरवतात. सुपारी म्हणजे करारच, पण तो गाव आणि फडमालक यांच्यात. नाचणारी त्यात कुठेच नाही. तिच्या वाट्याला येते उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आपल्या भाषेत मालक आणि गिऱ्हाईक यांच्या व्यवहाराला शब्द आहे, तिच्या कर्जाला शब्द आहे, तिच्याशी होणाऱ्या कराराला मात्र जुना शब्द नाही. कायद्याने ती जागा पहिल्यांदा भरली.

तसाच 'दौलतजादा'. पैसे देणाऱ्याची दौलत वाढो, अशी ती दुवा. पुढे पैसे उधळण्यालाच तो शब्द लागला. न्यायालयाने उधळायला मनाई ठेवली आणि टिप द्यायला परवानगी. मी इथं 'बक्षिसी' लिहीन. हातात दिलेली बक्षिसी तिची असते. जमिनीवर उधळलेल्या नोटा गोळा कोण करतं आणि त्यातलं तिला किती मिळतं, हा वेगळा प्रश्न आहे.

'कलाकार' या शब्दाबद्दल थोडं सावध राहा. ऐकायला मानाचा आहे, ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यातही तोच चालतो. पण 'त्या कामगार नाहीत, कलाकार आहेत' असं मालक म्हणतो तेव्हा रात्रीच्या प्रवासाची सोय, सुट्टी, भरपाई सगळंच हातातून सुटतं. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कामाच्या ठिकाणाला लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ते तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ताई, 'कामगार' शब्दावर विद्यार्थ्यांची एक हरकत आहे. 'काम' म्हणजे वासनाही, त्यामुळे इथं तो भलताच वाटेल, असं ते म्हणतात. मी त्यांना सांगितलं की दोन काम वेगळे. संस्कृतातला काम तसाच आला, आणि आपलं रोजचं काम कर्म, कम्म असं होत आलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या माणसाला ज्या शब्दाने हाक मारतो, तोच शब्द इथं हवा.

मसुदा असा केला आहे : 'बार व ऑर्केस्ट्रामधील महिला कामगार : बंदी, नियमन आणि संरक्षण'.

प्रतिसाद (समुपदेशन केंद्रातल्या ताई)

सर, 'महिला' काढा. वादक, गायक, वेटर पुरुषही आहेत. शिवाय ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार स्त्रिया आणि चार पुरुष ही अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये रद्द केली. मंचावर किती बाया आणि किती पुरुष, हे आता सरकार ठरवत नाही. आणि 'संरक्षण'च्या जागी 'हक्क' घ्या. संरक्षण दुसरा देतो, हक्क तिला स्वतःला मागता येतो.

मूळ प्रश्नकर्ता

मान्य. पत्रिकेवर छापायला देतो : 'बार व ऑर्केस्ट्रामधील कामगार : बंदी, नियमन आणि हक्क'. वकीलसाहेब, लेखी कराराच्या अटीवर विद्यार्थ्यांशी बोलायला आपण आलात तर बरं होईल.