गालिच्याखालच्या फुल्या

सदरबझारवाला : रमजानच्या आधी मशीद धुवायची म्हणून रविवारी पाचसहा जणांनी गालिचे उचलले. खाली पिवळ्या टेपच्या फुल्या निघाल्या. 16 नोव्हेंबर 2020, पाडव्याला कोरोनात बंद झालेली देवळं-मशिदी परत उघडल्या तेव्हा नमाजात अंतर राहावं म्हणून मीच गुडघ्यावर बसून चिकटवल्या होत्या. दुसऱ्या रांगेतली भिंतीकडची अब्बांची. पोरं पत्र्यानं खरवडत होती. तेवढी राहू दे म्हटलं आणि नळाशी जाऊन उभा राहिलो.

त्याआधीचा सगळा रमजान घरात. भोंग्यावरून अजान व्हायची, मागोमाग "नमाज घरातच पढा". अब्बांना पटायचं, त्यांच्या पायांना पटायचं नाही. शेवटी त्यांच्या कापशी चपला मी माळ्यावर टाकल्या. तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज, मलाच पढवावी लागली. कुराणातले पाठ सुरे (अध्याय) मोजून दहाबारा, तेच फिरवून फिरवून. अडखळलो की मागच्या खुर्चीवरून अब्बांचा लुकमा यायचा, पुढचा शब्द सांगायचे. बायको म्हणाली, मशिदीत तुम्हाला कुणी पुढं उभं केलं नसतं.

2021च्या रमजानात अब्बा आणि मी, दोघंही पॉझिटिव्ह. ते दवाखान्यात, मी घरात. अठराव्या रोज्याला गेले. मला ताप नव्हता. बागल चौकातलं कब्रस्तान गाडीवर दहा मिनिटं. मोहल्ल्यातल्या पोरांनी पीपीई घालून दफन केलं, मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. एक चाची अजून बोलून दाखवते, "बाप को मिट्टी देने नहीं आया." बरोबर वागलो हे ठाऊक आहे. चाचीला उत्तर देता येत नाही, एवढंच.

तुम्ही काय सोडलंत त्या वर्षी? लिहा.

यंत्रमागी : इचलकरंजीत माग बंद. खट्टाक-खट्टाक थांबलं तर म्हाताऱ्यांना झोप येईना. जकातीतून (नाक्यावरची नव्हे, आमच्यातलं फर्ज दान) 36 लाख जमवून आयजीएम सरकारी दवाखान्याला दहा खाटांचा आयसीयू दिला ते पेपरात आलंच. त्यात माझे किती विचारू नका. पोरीला ईदला नवे कपडे घेतले नाहीत, ती अजून काढते.

रात्रपाळी : पीपीईत रोजा धरून बघितला. तिसऱ्या दिवशी चक्कर. आजाऱ्याला, प्रवाशाला नंतर भरून काढायची मुभा आहे, पण मी आजारी कुठं होते? मौलानांना फोन केला. म्हणाले, बेटी, तू पडलीस तर पेशंट कोण बघणार. राहिलेले, म्हणजे कजा रोजे डिसेंबरात धरले. दिवस लहान, नफ्यात राहिले :) सुट्टी संपली, बाकी नंतर.

गंगावेस कट्टा : आमचा ईदचा धंदा म्हणजे शीरखुर्म्याचं दूध. त्या साली दुधाचा कट्टा बंद. म्हशीला कुठलं लॉकडाऊन, ती वेळेला पान्हा सोडतीच. घरात खवा, बासुंदी, परत खवा. नऊ किलो वाढलो भावा.

एक मुसाफिर : दादा, मन दुखवायचं नाही, पण मौत लिहिलेली असते तेव्हाच येते. चपला लपवून काय होतं?

सदरबझारवाला : हेच अब्बाही म्हणाले होते. आणि मग त्यांनीच खलिफा हजरत उमरांचं सांगितलं. शामकडे, म्हणजे सीरियाकडे निघाले होते, तिकडे ताऊन (प्लेग) पसरल्याचं कळलं, माघारी वळले. त्यांचे सेनापती अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे. एवढं सगळं सांगून अब्बांनी विचारलं, "चपला कुठायत?"

यंत्रमागी : आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असंही आहे की.

गंगावेस कट्टा : कोल्हापुरात उंट कुठला. म्हैस बांधा.

निशिगंधा : पणजी सांगायची, शाहू महाराजांच्या वेळच्या प्लेगात लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. तिची आई उखळ घेऊन गेली होती म्हणे, एवढं जड! असो, भरकटले. दादा, चाचीचं मनावर घेऊ नका. भावाच्या दहाव्याला मी क्वारंटाईन. दिवसभर चपात्या लाटत बसले. खायला घरात मी एकटी.

सदरबझारवाला : ताई, किती झाल्या होत्या?

निशिगंधा : मोजल्या नाहीत. दोन दिवस खाल्ल्या, उरलेल्या गेटवरून कुत्र्यांना टाकल्या.

मंडळाचा खजिनदार : सगळं वाचलं, काय लिहावं सुचंना. गालिचे कुठं धुता? आमच्या मंडळाचं जाजम गणपतीपासून कुबट वास मारतंय.

सदरबझारवाला : हातानंच. निरमा आणि दांड्याचा ब्रश, मग दोन दिवस गच्चीवर उलटं. ओला झाला की चौघांशिवाय उचलत नाही. आमचेही तीन राहिलेत.

मंडळाचा खजिनदार : मग रविवारी चार पोरं घेऊन येतो. चहा तुमच्याकडं.

सदरबझारवाला : याच रविवारी या. पुढच्या रविवारी रोजे, चहा मिळायचा नाही :)