मे महिन्यात नागपुरात क्रीमचे गुलाब टिकतील का? बीटर कोणता घेऊ?

जास्वंद_नागपूर: २४ मेला आईची साठी. घरचेच १५ जण. आमच्याकडे बेकरीचा केक आला की वरचा गुलाबी गुलाब आई कायम मला द्यायची, "मला नको गं गोड" म्हणायची. यंदा सगळे गुलाब तिचे. छोट्या पेस्ट्र्या करायच्यात. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, १६ लिटरचा. बीटर, नोझल वगैरे धरून ३००० रुपये, त्यावर एक रुपया नाही. एसी नाही, कूलर आहे.

तिखटगोड: सरळ स्टँड मिक्सर घ्या. माझा १८,०००चा, सहा वर्षं झाली, एकदाही दुरुस्तीला गेला नाही. स्वस्तातला बीटर घ्याल आणि पुन्हा खर्च कराल.

अकोलेकर: ताई, क्रीमच्या नादी लागू नका. लेकीच्या वाढदिवसाला मे महिन्यातच क्रीमचा केक केला होता. दुपारी चारला बाहेर काढला, मेणबत्त्या सापडेपर्यंत वरचा थर बोर्डावर उतरला. लेक रडली, अजून आठवतं.

पोळीवाली: भाऊ, क्रीम कुठलं होतं? टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, ते कितीही फेटा, उभं राहत नाही. ३० ते ३५ तरी हवं. उन्हाळ्यात नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीमच बरं. आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी बर्फाचे बारीक कण असतानाच फेटायचं. भांडं आणि बीटरच्या काड्यापण अर्धा तास फ्रीजरमध्ये. ३०० वॅटचा हँड बीटर भरपूर झाला.

तिखटगोड: नॉन-डेअरी म्हणजे शेवटी वनस्पती तेलच. टाळूला मेणासारखं चिकटतं. साठीला हे द्यायचं?

पोळीवाली: बाजारातल्या निम्म्या केकांवर तेच असतं. आणि बजेट ३००० आहे, १८,००० नाही.

अकोलेकर: म्हणूनच म्हणतो, क्रीम नको. आंब्याचं मूस (फेटून केलेलं मऊ, गार गोड) करा जिलेटिन घालून.

रेवाकाठ: जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, घरी शाकाहारी असाल तर आधी विचारा. शिवाय आपल्या उन्हात ते पातळ होतं. चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचं, शाकाहारी) घ्या. एकदा जमलं की ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. पण दोन मिनिटं नीट उकळा आणि रस कोमट असू द्या. मी गेल्या वर्षी फ्रिजमधला गार रस ओतला, भांड्यात नुसत्या शेवया! दोन किलो हापूस गेला.

निळाई: मीपण हेच म्हणणार होते, क्रीम नको. फोंडंटचे, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याचे गुलाब करा.

पोळीवाली: कूलरच्या दमट हवेत फोंडंटला पाणी सुटतं, बोटांना चिकटतं. जास्वंदताई, मूस, फोंडंट सगळं राहू द्या, तुम्ही गुलाबाचं विचारलंय. १०४ नंबरचं, पाकळ्या काढायचं नोझल आणि फ्लॉवर नेल (चपट्या डोक्याचा खिळा, बोटांत फिरवत त्यावर गुलाब काढतात) घ्या. बटर पेपरच्या चौकोनावर एकेक गुलाब काढायचा, पेपरसकट फ्रीजरमध्ये कडक करायचा, वाढताना उचलून ठेवायचा. नोझलचं रुंद टोक खाली, अरुंद वर. मधली कळी आधी, मग तीन पाकळ्या, मग पाच.

तिखटगोड: स्टँड मिक्सर असता तर हात दुखला नसता, एवढंच.

जास्वंद_नागपूर: सगळ्यांचे आभार. हँड बीटर १६५० ला मिळाला, १०४ आणि नेल इतवारीतून आणलं. व्हिपिंग क्रीम मात्र कुठलंच घेतलं नाही. आमच्या बेकरीचा गुलाब लोण्याचा असायचा, तीच चव हवी. बिनमिठाचं बटर आणि आयसिंग शुगर, बस. काल पाच गुलाब केले. पहिले दोन कोबीसारखे, तिसऱ्यापासून पाकळी सुटी दिसायला लागली. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून आज दुपारी ताटलीत काढले: दहा मिनिटं कडा तशाच होत्या, मग चकाकायला लागल्या. आईचा केक रात्री नऊला कापू. खाली साधा स्पंज, साखरेच्या पाकात भिजवलेला. गुलाब सगळ्यात शेवटी लावीन, पहिली ताटली तिच्या हातात देईन आणि खाऊन होईपर्यंत समोरून हलणार नाही.