वारसास्थळांवरच्या मोबाइल गेममध्ये रचलेली पात्रं असावीत की नसावीत?

पायवाट:
जुन्या जागी फोन घेऊन फिरायचं, जीपीएसवरून तुम्ही कुठे उभे आहात ते गेमला कळतं आणि तिथे तिथे गोष्टीचा पुढचा तुकडा उघडतो, असे गेम आता बरेच आलेत. माझं म्हणणं, त्यात गोष्टीला एक माणूस हवाच, रचलेला असला तरी चालेल. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या 'हिडन फ्लॉरेन्स' या ॲपमध्ये जोव्हानी नावाचा पंधराव्या शतकातला लोकरीचा कारागीर तुम्हाला गल्लीबोळातून फिरवतो. तो काल्पनिकच आहे, पण सनावळ्यांपेक्षा असा माणूस जास्त लक्षात राहतो.

दगडी_जिना:
अजिबात पटलं नाही. मी एका जुन्या तटबंदीत असाच गेम खेळलो. त्यातला पोरगा म्हणाला, खाली वाक, या दगडावर माझ्या बापाने खूण कोरलीय. वाकून बघितलं तर खरंच पाथरवटाची खूण, बाणासारखी, बोट रुतेल इतकी खोल! अंगावर काटा आला हो. नंतर कळलं की खूण खरी पण बाप लेखकाने रचलेला, आणि ॲपमध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही. आता तसली खूण कुठेही दिसली की मला तो कधी नसलेला बापच आठवतो, खरा पाथरवट कोण होता हा प्रश्नच पडत नाही. ही फसवणूक आहे.

पायवाट:
मग चूक लपवण्याची आहे ना, गोष्टीची कुठे? आणि तुम्ही वाकून बघितलंत ते त्या पोरामुळेच, नाहीतर तसेच पुढे गेला असता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या क्वीन स्क्वेअरमध्ये २००४ साली 'रायट! १८३१' हे ऐकायचं नाटक केलं होतं, १८३१ची दंगल जिथे झाली त्याच चौकात हेडफोन लावून फिरायचं, जिथे जाल तिथले आवाज कानावर येणार. नुसत्या फलकाने हे होईल का?

सावलीतला_बुरूज:
पण सगळ्याच जागांना खेळ झेपत नाही. २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा फिरत फिरत फोनवर पोकेमॉन पकडायचा गेम आला तेव्हा ऑशविट्झच्या नाझी छळछावणीच्या स्मारकाला लोकांना सांगावं लागलं की इथे खेळू नका, हिरोशिमाच्या शांती उद्यानातूनही त्या गेमचे थांबे काढायला लावले. जिथे माणसं मारली गेली तिथे मला पात्रही नको आणि पॉइंटही नकोत.

पायवाट:
पॉइंट नकोत हे मान्य. पण पोकेमॉनमध्ये त्या जागेची गोष्टच नव्हती, गेमच्या लेखी ती जागा म्हणजे नकाशावरचा नुसता एक ठिपका, म्हणून तर ते खुपलं. अशा ठिकाणी साक्षीदारांचे खरे शब्द त्यांच्याच आवाजात ऐकवा की.

दगडी_जिना:
ते चालेल, ते खरं आहे. बाकी जागी पात्र रचलंत तर तिथल्या तिथे सांगा, खूण खरी, बाप आम्ही रचलेला.

पायवाट:
मधेच सांगितलं की रंग जातो, शेवटच्या स्क्रीनवर सगळं नीट लिहावं.

दगडी_जिना:
शेवटची स्क्रीन कोण वाचतं, तोवर फोन खिशात गेलेला असतो. दगडापाशीच सांगा.