पीपीएलची फ्लाइट टेस्ट नऊ दिवसांवर आलीय आणि स्टीप टर्न अजून बसत नाहीये

निळाई

नमस्कार मंडळी. खासगी पायलटच्या परवान्याची माझी प्रात्यक्षिक परीक्षा नऊ दिवसांवर आली आहे. विमान सेसना १७२ एस. आतापर्यंत उड्डाणाचे ५८ तास झालेत, त्यातले १२ सोलो, म्हणजे एकटीने. लेखी पेपर होऊन गेले. नॅव्हिगेशन मला मनापासून आवडतं, त्यामुळे त्याची धास्ती नाही. स्टॉलही (वेग कमी पडून पंखांची उचल संपणं) जमतात. घोडं अडलंय ते स्टीप टर्नपाशी.

४५ अंशांच्या बँकमध्ये (विमान कलवून) पूर्ण ३६० अंश फिरायचं आणि उंची १०० फुटांच्या आत राखायची, एवढंच काम. डावीकडे वळले की दर वेळी दीडशे-पावणेदोनशे फूट खाली जाते. उजवीकडे वळले की उलट, सव्वाशे फूट वर. सुरुवात ९५ नॉटने (ताशी नॉटिकल मैल) करते. इन्स्ट्रक्टर म्हणतात, "बाहेर बघ, नाक क्षितिजावर ठेव." मी बाहेरच बघते आणि नाक क्षितिजावरच ठेवते, तरी हे होतं. काल सहा टर्न केले. रात्री वहीत आकडे मांडले तेव्हा दिसलं की डावीकडचे तिन्ही खाली गेलेत आणि उजवीकडचे तिन्ही वर.

दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात सराव परीक्षा घ्यायला दुसरे इन्स्ट्रक्टर बसले होते. सूचना सोडल्या तर सव्वा तासात एक शब्द बोलले नाहीत, नुसते मांडीवरच्या पॅडवर लिहीत होते. त्यांचं पेन हललं की माझ्या पोटात गोळा यायचा. शेवटी शेवटी रोजचा रेडिओ कॉल देतानाही अडखळले. ज्यांनी टेस्ट दिली आहे त्यांनी कृपया सांगा, एक्झामिनर नेमकं काय बघत असतात?

पांढरा पट्टा

शुभेच्छा! टर्नबद्दल जाणकार सांगतीलच. मी फक्त कागदांचं बोलतो. लॉगबुकातल्या सह्या, मेडिकल, ओळखपत्र, विमानाच्या देखभालीच्या नोंदी हे सगळं आदल्या दिवशी दुपारीच एकत्र काढून ठेवा, रात्रीवर ढकलू नका. माझ्या बरोबरीच्या एका मुलाची टेस्ट इंजिन सुरू व्हायच्या आधीच रद्द झाली, का तर लॉगबुकात एक सही राहिली होती. हवा छान होती, विमान तयार होतं, आणि तो घरी परत गेला.

उजवी सीट

निळाई, तुम्ही आकडे लिहून काढलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. हाताची चूक असती तर कधी वर, कधी खाली असं झालं असतं. तुमची चूक वळण्याच्या दिशेप्रमाणे बदलते, म्हणजे ती नजरेची आहे.

तुम्ही डाव्या सीटवर बसता, म्हणजे विमानाच्या मध्यरेषेच्या थोडं डावीकडे. विमान कलतं ते त्या मध्यरेषेभोवती. डावीकडे कललं की तुमची सीट खाली जाते आणि काउलिंगचा (इंजिनावरच्या झाकणाचा) मधला भाग क्षितिजाच्या वर चढल्यासारखा दिसतो. नाक वर गेलं असं वाटून तुम्ही ते खाली आणता, की उंची गेली. उजवीकडे कललं की सीट वर उचलली जाते, नाक पडल्यासारखं दिसतं, तुम्ही योक (हातातलं चाक) ओढता, की उंची वाढली. इन्स्ट्रक्टर म्हणतात ते तुम्ही इमानदारीने करताय, फक्त नाकाचा बिंदू चुकीचा धरलाय.

स्पिनर (पंख्याच्या मधलं टोपण) आणि काउलिंगचा मध्य विसरा. सरळ, समतल उडत असताना स्वतःच्या नाकासमोर बघा. मध्यावर नाही, तुमच्या डोळ्यांच्या अगदी समोर. तिथे काउलिंगवर एखादा स्क्रू किंवा रिव्हेट सापडेल. नाही सापडला तर पुसता येणाऱ्या पेन्सिलीने काचेवर बारीक ठिपका काढा. सरळ उड्डाणात तो क्षितिजाच्या किती खाली-वर आहे ते लक्षात ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या टर्नमध्ये तोच संदर्भ धरा. टर्नमध्ये योक जास्त ओढावा लागत असल्यामुळे नाक थोडं वर असेल, पण डावीकडे आणि उजवीकडे ते सारखंच दिसलं पाहिजे. अट एकच, सीटची उंची रोज तीच हवी. सीट एका खाचेने खाली गेली तरी ठिपक्याची जागा बदलते. मी विद्यार्थ्यांना सीट लावल्यावर ग्लेअरशील्डच्या (समोरच्या पॅनेलवरच्या कडेच्या) वर किती बोटं काउलिंग दिसतं ते मोजायला लावतो.

आता ओढायचं किती? ४५ अंशांत भार १.४१ पट होतो. ६० किलोचं माणूस सीटवर ८५ किलोचं होऊन बसतं. तो दाब ओळखीचा झाला की हात आपोआप तितकंच ओढतो. स्टॉलची भीती मनात असेल तर हिशेब करून बघा. १७२ एसला फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर असताना ४८ नॉटला स्टॉल येतो, ४५ अंशांत तो ५७ वर जातो, आणि तुम्ही ९५ वर आहात. बँक ३० अंशांच्या पुढे जाताना ओढायला सुरुवात करा आणि त्याच वेळी इंजिनाचे साधारण १०० आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढवा. उंची घसरायला लागली तर आधी बँक पाचेक अंश कमी करा, मग ओढा. बँक तशीच ठेवून नुसतं ओढत राहिलं तर वळण आवळत जातं आणि उंची काही परत येत नाही. बाहेर पडताना ठरलेल्या हेडिंगच्या (दिशेच्या) २०-२२ अंश आधी पंख सरळ करायला लागा, आणि पंख सरळ होतील तसा मागचा दाब सोडत जा. पूर्ण टर्न अचूक करून शेवटच्या पाच सेकंदांत शंभर फूट वर जाणारे मी कितीतरी पाहिलेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला स्वतःबद्दल सांगूनच देता येईल. माझी पहिली टेस्ट मी नापास झालो.

सगळं चांगलं चाललं होतं. स्टीप टर्नमध्ये एकदा नव्वद फूट घसरलो, मोठ्याने म्हणालो "उंची जातेय, सुधारतो", सुधारलं. एक्झामिनर काही बोलले नाहीत. सगळ्यात शेवटी शॉर्ट फील्ड लँडिंग, म्हणजे आखूड धावपट्टीवर उतरणं. फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) ६१ नॉट हवे होते, माझे ७० होते. मला ते दिसत होतं. थ्रॉटल पूर्ण मागे घेतला होता, वेग उतरत नव्हता, आणि मनात एकच की हे शेवटचं आहे, एवढं टेकवलं की झालं. वेग १५ टक्के जास्त म्हणजे जिरवायची ऊर्जा ३२ टक्के जास्त, हे मी आदल्या दिवशी तोंडी सरावात दुसऱ्याला समजावून सांगितलं होतं. विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं. टेकायचा ठरलेला पट्टा खिडकीखालून मागे गेला तो मी डोळ्यांनी पाहिला. चाकं बरीच पुढे टेकली, अगदी अलगद.

पार्किंगला आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "गो-अराउंड कधी करणार होतात?" गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. मला उत्तर देता आलं नाही, कारण तो विचार एकदाही डोक्यात आला नव्हता. थ्रॉटल पुढे, फ्लॅप २० अंशांवर, ६० नॉटला चढ. हात हे पाठ म्हणत होते, पण मी त्यांना हुकूम दिला नाही. तो दिला असता तर दुसऱ्या फेरीत उतरायला मिळालं असतं. पुढे फक्त लँडिंगचा भाग पुन्हा द्यावा लागला आणि पास झालो. तरी तो पट्टा अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून विचारता तर सांगतो, बिनचूक उड्डाण कोणाचंच नसतं आणि तशी अपेक्षाही नसते. चूक तुम्हाला त्यांच्याआधी दिसते का, दिसल्यावर तुम्ही काय करता, आणि एखादी गोष्ट बिघडली की ती सोडून द्यायची तयारी आहे का, हे ते बघतात. नव्वद फूट घसरून सुधारणं त्यांना चाललं. नऊ नॉट जास्त दिसत असून पुढे जाणं चाललं नाही.

पेनाचं म्हणाल तर त्या दिवशी त्यांनी आपला कागद मला दाखवला होता. टेकऑफची वेळ, वारा, प्रत्येक लेगचं (टप्प्याचं) हेडिंग आणि बारीक बरोबरच्या खुणा. तासभर ज्या पेनाला मी घाबरलो ते बहुतेक वेळ घड्याळातले आकडे उतरवत होतं.

एकटा ढग

वरचा प्रतिसाद कापून ठेवण्यासारखा आहे.

मला शांततेवर औषध म्हणून मोठ्याने बोलण्याचा फार उपयोग झाला. "आता डावीकडे बघते, मोकळं आहे, वळते." एक्झामिनरना तुमचं डोकं दिसत नाही, बोललात तर ऐकू येतं. शिवाय स्वतःच्या आवाजाने धडधड कमी होते.

इंजिन बंद पडल्याचं नाटक कधी होईल सांगता येत नाही. माझा थ्रॉटल त्यांनी ३००० फुटांवर, मी नकाशात डोकं घातलेलं असताना मागे ओढला. माझा पहिला हात चेकलिस्टकडे गेला, आणि तेवढ्यात वेग ६८ वरून ६० वर आला. तुम्ही तसं करू नका. आधी नाक, म्हणजे ६८ नॉट आणि ट्रिम (योकवरचा दाब काढून घेणारी जुळणी). मग वाऱ्याकडे तोंड करून उतरता येईल अशी मोकळी जागा. वारा नसेल तर हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल मिळतात, म्हणजे लांबची सुंदर जागा शोधू नका, बऱ्याचदा चांगली जागा पंखाखालीच असते. मग फ्युएल सिलेक्टर, पंप, मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण), इग्निशन. रेडिओ त्यानंतर.

डायव्हर्जनसाठी (ऐनवेळी दुसऱ्या ठिकाणी वळण्यासाठी) एक युक्ती. पाच लाखांस एक प्रमाणाच्या नकाशावर १० नॉटिकल मैल म्हणजे पावणेचार सेंटिमीटरला किंचित कमी. स्वतःच्या अंगठ्यावर ते अंतर कुठवर येतं ते आजच मोजून ठेवा. १०० नॉटने तेवढ्याला सहा मिनिटं. विमान हलत असताना पट्टी शोधत बसावं लागत नाही.

@उजवी सीट, स्टीप टर्नमध्ये ट्रिम वापरायला सांगता का? मला मागे ट्रिम करून फार सोपं गेलं होतं.

उजवी सीट

सांगतो, पण बाहेर पडताना ते काढायची आठवण राहत असेल तरच. नऊ दिवस राहिलेत, निळाईंनी आता नवीन सवय लावून घेऊ नये असं मला वाटतं. आधी ठिपका.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण काल ढग खाली होते, आज सकाळी उडायला मिळालं.

काउलिंगवर माझ्या समोर खरोखरच एक स्क्रू आहे, डोक्याचा रंग उडालेला. इतके तास मी त्याच्या उजवीकडे बघत होते. पहिले दोन टर्न डावीकडे: ७० फूट खाली, मग ४०. उजवीकडे पहिल्याच टर्नला ३० वर. दुसऱ्यात बाहेर पडताना दाब सोडायला विसरले आणि ११० वर गेले, पण ते का झालं हे या वेळी मला कळलं. सीट मोजली, चार बोटं.

उतरताना फायनलवर वारा फिरला, विमान वर राहिलं, ठरलेल्या जागी टेकणार नव्हतं. इन्स्ट्रक्टर गप्प होते. मी "गो-अराउंड" म्हणाले आणि थ्रॉटल पुढे केला. फ्लॅप २० वर आणताना त्यांच्याकडे पाहिलं, तर ते पॅडवर वेळ लिहीत होते.