ह्यूस्टनने केव्हिन ड्युरँटला घेणे शहाणपणाचे ठरेल का?

मांडवीकर, रत्नागिरी (जुलै २०२५)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या ह्यूस्टन रॉकेट्स आणि फिनिक्स सन्स या संघांतला व्यवहार अखेर अधिकृत झाला आणि गुण करण्यात वाकबगार असलेला फॉरवर्ड केव्हिन ड्युरँट ह्यूस्टनकडे आला. बदल्यात ह्यूस्टनने जेलन ग्रीन आणि डिलन ब्रूक्स हे नेहमी पहिल्या पाचांत खेळणारे दोन खेळाडू, यंदाच्या ड्राफ्टमधली (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतली) दहावी निवड आणि दुसऱ्या फेरीच्या पाच निवडी दिल्या. पुढे आणखी संघ सामील होत होत हा सात संघांचा व्यवहार झाला, पण आपल्या प्रश्नापुरती देवघेव एवढीच आहे.

गेल्या मोसमात ह्यूस्टनने ८२ पैकी ५२ सामने जिंकून पश्चिम विभागात दुसरा क्रमांक मिळवला, तो मुख्यतः बचाव आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे) यांच्या जोरावर. प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत मात्र गोल्डन स्टेटने त्यांना सात सामन्यांत घरी पाठवले. सातवा सामना स्वतःच्या मैदानावर असूनही ह्यूस्टनला ८९च गुण करता आले आणि त्यांत ग्रीनचे केवळ ८ होते. आपल्याकडे तो सामना सोमवारी सकाळी सहाला सुरू झाला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, घरात आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई असताना, सकाळी सहाला दोन-अडीच तास मोकळे काढणे म्हणजे काय हे इथल्या सभासदांना सांगायला नको. त्या मालिकेत एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसत होते. ह्यूस्टनचा सेंटर शेंगून फ्री थ्रोच्या रेषेपाशी चेंडू घेऊन पाठमोरा उभा आहे. त्याचा सहकारी आमेन थॉम्पसन लांबून शॉट घेत नाही हे ठाऊक असल्यामुळे त्याच्यावरचा बचावपटू त्याला मोकळा सोडून बास्केटखाली जाऊन उभा राहिला आहे. आत शिरायला वाट नाही. चेंडू बाहेर येतो तेव्हा शॉट क्लॉकवर (शॉट मारण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांच्या घड्याळावर) चार-पाच सेकंद उरलेले असतात आणि कोणीतरी तोल सांभाळत घाईचा शॉट मारतो.

तेव्हा गुण करणारा फॉरवर्ड हवा होता, याबद्दल माझे दुमत नाही. शंका आहे ती निवडलेल्या माणसाबद्दल आणि वेळेबद्दल. ड्युरँट सप्टेंबरमध्ये ३७ वर्षांचा होईल, तर ग्रीन अवघा २३ वर्षांचा आहे. शिवाय माझ्या डोळ्यांसमोर २०११ चे न्यूयॉर्क निक्स येतात. त्यांनी कार्मेलो अँथनीसाठी विल्सन चँडलर, डॅनिलो गॅलिनारी, रेमंड फेल्टन, टिमोफे मॉझगॉव्ह आणि वर ड्राफ्टच्या निवडी डेन्व्हरला देऊन टाकल्या. अँथनीने २०१२-१३ मध्ये लीगमधली सर्वाधिक, म्हणजे सामन्यामागे २८.७ गुणांची सरासरी राखली, पण तो तिथे असेपर्यंत निक्सला प्लेऑफची एकच फेरी जिंकता आली. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागण्याचाच हा प्रकार ह्यूस्टनमध्ये होत नाही ना? जाणकारांची मते वाचायला आवडतील.


वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मांडवीकर, आपण निक्सचे उदाहरण दिलेत ते योग्यच आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. अँथनीला घेणे ही निक्सची चूक नव्हती. त्याचा करार त्याच वर्षी संपवता येण्यासारखा होता आणि न्यूयॉर्कलाच जायचे हे त्याने पुरेसे स्पष्ट केले होते. चार महिने कळ काढली असती तर एकही खेळाडू न देता तो मिळण्याची चांगली शक्यता होती. धीर न धरल्यामुळे संघाची अख्खी मधली फळी डेन्व्हरला गेली आणि अँथनीला चेंडू पोहोचवायला, त्याच्याकडे दोघे धावून आले असता मोकळ्या जागेतून शॉट मारायला पुरेशी माणसे उरली नाहीत.

हीच गोष्ट फिनिक्सने २०२३ च्या फेब्रुवारीत अधिक मोठ्या प्रमाणावर केली. ड्युरँटसाठी मिकाल ब्रिजेस आणि कॅम जॉन्सन हे दोन्ही उमदे फॉरवर्ड, जे क्राउडर आणि पहिल्या फेरीच्या चार निवडी ब्रुकलिनला दिल्या, आणि त्यावर कडी म्हणजे चार महिन्यांनी ख्रिस पॉलला देऊन ब्रॅडली बील हा आणखी एक गुण करणाराच घेतला. परिणाम सर्वांसमोर आहे. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्यांना चार-शून्य धुतले, २०२५ मध्ये ३६ विजय आणि ४६ पराभव अशा हिशेबाने प्लेऑफच हुकले, आणि तीन वर्षांत तीन प्रशिक्षकांना नारळ मिळाला. या सगळ्यात ड्युरँटने स्वतः गुण करण्यात कधीही कसूर केली नाही; गेल्या मोसमातही त्याची सरासरी २६.६ होती आणि तीन गुणांचे सुमारे ४३ टक्के शॉट त्याने बसवले. म्हणजे माणूस तोच, कामगिरीही तीच, तरी संघ बुडाला. मग दोष कुठे शोधायचा?

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहा. जानेवारी २०२४ मध्ये इंडियानाने टोरांटोकडून पास्कल सियाकमला घेतले. किंमत कमी नव्हती, कारण ब्रूस ब्राउन आणि पहिल्या फेरीच्या तीन निवडी गेल्या. परंतु हॅलिबर्टन, टर्नर, नेम्बहार्ड, नीस्मिथ ही जी मंडळी एकमेकांच्या खेळाला सरावलेली होती, त्यांतल्या एकालाही त्यांनी हात लावला नाही. सियाकम चेंडू फार वेळ हातात न ठेवता धावत गुण करतो आणि इंडियाना संघ तर धावण्यासाठीच बांधलेला. त्या वर्षी ते पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले, पुढच्या वर्षी थेट एनबीएच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेले, आणि पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू सियाकमच ठरला.

म्हणून मी शाळेच्या संघाला शिकवताना (सध्या पावसाने सिमेंटचे मैदान बंद असल्यामुळे मुलांना वर्गात बसवून जुने सामनेच दाखवतो आहे) गुणांचा तक्ता आधी दाखवत नाही. चेंडू हातात नसताना हा खेळाडू कुठे उभा राहतो ते बघा, असे सांगतो. ड्युरँट कोपऱ्यात नुसता उभा राहिला तरी त्याच्यावरचा बचावपटू त्याला सोडून बास्केटखाली जाऊ शकत नाही. आपण वर्णन केलेल्या त्या दृश्यात ग्रीनच्या जागी ड्युरँट ठेवा. शेंगूनला आत वळायला जागा मिळते, आणि नाही मिळाली तरी चेंडू बाहेर येतो तो सहा फूट अकरा इंच उंचीच्या अशा माणसाकडे, ज्याला शॉट मारण्यासाठी कोणाच्या मदतीची गरज लागत नाही. थॉम्पसन, शेंगून, जबारी स्मिथ, टारी ईसन हे सारे ह्यूस्टनकडेच राहिले आहेत. माझ्या मते हा व्यवहार इंडियानाच्या जातीचा आहे, निक्सच्या नव्हे.


वेंगुर्लेकर

वाशिष्ठीकाठ यांच्या विवेचनात वयाचा मुद्दा सोयीस्करपणे गळला आहे. २०१९ च्या अंतिम फेरीत टाचेमागची अकिलिस कंडरा तुटल्यानंतर ड्युरँट पुढचा संपूर्ण मोसम खेळला नाही, आणि गेल्या मोसमातही तो ८२ पैकी ६२ सामनेच खेळला. जून महिन्यात, अंतिम फेरीच्या वेळी, पाय शाबूत राहिले तरच या खरेदीला अर्थ आहे, आणि त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

दुसरे असे, की ब्रूक्सबद्दल सारेच मुकाट आहेत. समोरच्या संघातल्या सर्वांत अवघड खेळाडूला रात्रीमागून रात्र अंगावर घेण्याचे काम तो करत असे. ते काम आता एकट्या थॉम्पसनवर पडेल.


हापूसबाग, देवगड

ग्रीन आणि ड्युरँट यांची तुलना सगळेच करत आहेत, तेव्हा मी निवडींबद्दलच बोलतो, कारण अशा व्यवहारात खरी फसगत तिथेच होते असे माझे निरीक्षण आहे. आमच्याकडे मोहोर पाहून बाग कराराने देण्याची पद्धत आहे. रोख पैसे आज हातात पडतात आणि फळ कसे धरेल याची जोखीम घेणाऱ्याच्या डोक्यावर जाते. पहिल्या फेरीची निवड देणाऱ्या संघाची समजूतही अशीच असते, की पुढची पाच वर्षे आपण जिंकतच राहणार, त्यामुळे आपली निवड शेवटाला येणार आणि तिच्यातून काही मोठे फळ निघणार नाही. बागेच्या व्यवहारात पाऊस दोघांनाही सारखाच अनोळखी असतो. इथे मात्र संघ कधी उताराला लागणार याचा अंदाज विकत घेणाऱ्याला बहुधा आधी येतो.

अँथनीच्या व्यवहारात डेन्व्हरने २०१६ च्या निवडी अदलाबदल करण्याचा, म्हणजे निक्सची निवड वरची असेल तर ती स्वतः घेण्याचा, हक्क लिहून घेतला होता. पाच वर्षांनी तो हक्क वापरून डेन्व्हरला सातवी निवड मिळाली आणि तिच्यातून जमाल मरे आला, जो २०२३ च्या विजेत्या संघाचा आधारस्तंभ होता. लॉस एंजेलिस क्लिपर्सने २०१९ मध्ये पॉल जॉर्जसाठी शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन अदलाबदलीचे हक्क ओक्लाहोमा सिटीला दिले. त्यांतल्या एका निवडीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. गिल्जस-अलेक्झांडर यंदाचा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) आहे, ओक्लाहोमा सिटी यंदाचा विजेता आहे, आणि क्लिपर्सची मजल एकदाच पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. एका गुण करणाऱ्या फॉरवर्डपायी प्रतिस्पर्ध्याचा संघ उभा करून देण्याचे याहून ठळक उदाहरण मला तरी सापडत नाही.

या पार्श्वभूमीवर ह्यूस्टनने काय दिले ते पाहिले, की त्यांच्या व्यवस्थापनाचे कौतुक वाटते. ती दहावी निवड मुळात फिनिक्सचीच होती. फिनिक्सने ती ड्युरँटसाठी ब्रुकलिनला दिली, ब्रुकलिनकडून ती २०२४ मध्ये ह्यूस्टनकडे आली, आणि आता ड्युरँटच्याच बदल्यात ती पुन्हा फिनिक्सच्या दारात पोहोचली. दोन वर्षांत फिनिक्सने आपलीच वस्तू देऊन आपलीच वस्तू सोडवून घेतली, आणि मधल्यामध्ये ड्युरँट मात्र गेला. ह्यूस्टनने स्वतःची पहिल्या फेरीची एकही निवड दिली नाही, आणि फिनिक्सची २०२७ ची निवड तर अजून त्यांच्याच मुठीत आहे.

टोरांटोचा दाखला कोणी दिला नाही, म्हणून जाता जाता नोंदवतो. २०१८ मध्ये त्यांनी डीमार डीरोझन, याकोब पल्टल आणि एक निवड देऊन कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन यांना आणले. लेनर्ड एक वर्ष राहून निघून गेला, पण त्या एका वर्षात अजिंक्यपद आले. तेव्हा वेंगुर्लेकर यांची ‘हमी कोण देणार’ ही अट लावायची ठरवली, तर टोरांटोनेही तो व्यवहार करायला नको होता असे म्हणावे लागेल.


मांडवीकर, रत्नागिरी

हापूसबाग, त्या निवडीचा प्रवास माझ्या लक्षातच आला नव्हता. किमतीच्या बाबतीत माझा आक्षेप मी मागे घेतो. निक्सशी केलेली तुलना त्या अंगाने टिकत नाही. ग्रीनबद्दल मात्र अजूनही मन घेत नाही. गोल्डन स्टेटविरुद्धच्या त्याच मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात त्याने ३८ गुण केले होते. २३ व्या वर्षी चढउतार असणारच, आणि तो सावरेपर्यंत थांबण्याची तयारी ह्यूस्टनने दाखवायला हवी होती, असे मला वाटते.


वेंगुर्लेकर (सप्टेंबर २०२५)

धागा वर आणतो आहे, कारण ह्यूस्टनचा गार्ड फ्रेड व्हॅनव्हलीट याच्या गुडघ्याचा एसीएल (सांध्यातला अस्थिबंध) फाटल्याची बातमी आली आहे. ड्युरँटच्या वयाची काळजी करत बसलो आणि दुखापत झाली ती चेंडू पुढे नेणाऱ्या माणसाला. ग्रीनही गेला, व्हॅनव्हलीटही नाही. तर मग ड्युरँटपर्यंत चेंडू आणणार कोण? ते काम त्यालाच करावे लागले तर फिनिक्समधल्यासारखीच परिस्थिती ओढवेल.


वाशिष्ठीकाठ, चिपळूण (ऑक्टोबर २०२५)

वेंगुर्लेकर यांची शंका रास्त आहे, आणि या व्यवहारावर आतापर्यंत घेतलेल्या आक्षेपांत हाच मला सर्वांत वजनदार वाटतो. सदतीस वर्षांच्या माणसाला दर वेळी मैदानाच्या त्या टोकापासून बचावपटू अंगावर घेत चेंडू आणायला लावले, तर चौथ्या सत्रापर्यंत त्याच्या पायांत शॉट उरणार नाही. पण यावर नवा गार्ड आणण्यासाठी घाईने आणखी एक व्यवहार करणे, म्हणजे जे काटकसरीने वाचवले तेच उधळणे होय. थॉम्पसन चेंडू घेऊन धावू शकतो. रीड शेपर्डला २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतले ते बाकावर बसवण्यासाठी नव्हे. आणि सेट आक्रमणात (धावत न जाता थांबून रचलेल्या आक्रमणात) शेंगूनकडे आधी चेंडू देऊन त्याच्या पासवर ड्युरँटला शॉट मिळवून देणे, हे तर गार्ड शाबूत असतानाही करायला हवे होते. थॉम्पसनला चेंडू दिल्याचा आणखी एक लाभ असा, की तो कोपऱ्यात बिनकामाचा उभा राहत नाही आणि त्याला मोकळे सोडण्याची प्रतिस्पर्ध्याची युक्ती निम्मी निकामी होते.

दरम्यान ड्युरँटने दोन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलरचा नवा करार केला आहे. नियमाप्रमाणे त्याला याहून बरेच अधिक मागता आले असते, त्यामुळे मांडवीकर यांच्या मूळ प्रश्नातला किमतीचा भाग आणखी हलका झाला.

पहिला सामना ओक्लाहोमा सिटीविरुद्ध त्यांच्या मैदानावर आहे, आपल्याकडे २२ तारखेला पहाटे पाच वाजता. ड्युरँट किती गुण करतो यापेक्षा, त्याच्या हातात चेंडू पडतो तेव्हा शॉट क्लॉकवर किती सेकंद असतात हे मी कागदावर टिपणार आहे. बारा-तेराच्या आसपास असतील तर व्यवस्था लागली असे समजेन. पाच-सहाच असतील, तर मेमधल्या त्या सातव्या सामन्यातलेच आक्रमण नव्या माणसाच्या हाती आले आहे.